टाकी चौकातल्या सायकली

एखाद्या चौकाचं काम घेऊन बघा. काम सुरू व्हायच्या आधी किस्से होतात, काम चालू असताना होतात आणि काम झाल्यावर तर विचारूच नका! कागद फाइलीत जातात, किस्से आपल्या बोकांडी बसतात.

आमचं ऑफिस बारामतीत. रस्त्यांची डिझाइनं करतो. चौघं जण आहोत. साहेब म्हणजे मालक. नितीन वडगाव निंबाळकरचा, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतो. सुवर्णा मॅडम सर्व्हे आणि रिपोर्ट बघतात. आणि मी जगताप, साइट इंजिनिअर. म्हणजे साइटवर जाऊन लोकांचं ऐकून घ्यायचा पगार मला मिळतो!

इंदापुरातला एक चौक सायकलवाल्यांसाठी, त्यातही शाळेच्या पोरांसाठी, सेफ करायचं काम आमच्याकडं आलं. काम कुणी दिलं ते सांगत नाही, चौकाचं खरं नावही सांगत नाही. जवळ पाण्याची जुनी टाकी आहे, म्हणून टाकी चौक म्हणू. चार रस्ते, दिवसभर वर्दळ आणि ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर.

या चौकाचे किस्से मी लग्नात सांगितलेत, बारशात सांगितलेत. लोक पोट धरून हसतात. सांगताना मी एक लबाडी करायचो. जिथं गाढवपणा माझा असेल, तिथं "आमच्यातला एक जण" म्हणायचो. आज तेवढं करणार नाही. आपली माणसं आहात म्हणून सांगतो.

*

पहिलं काम मोजणीचं. चौकातून रोज किती सायकली जातात?

मी आणि नितीन तीन दिवस टाकीच्या सावलीत खुर्च्या टाकून बसलो. सायकल गेली की कागदावर एक रेघ. तीन दिवसांच्या रेघा एकाच कागदावर मावल्या, वर जागाही उरली!

नितीन म्हणाला, "साहेबांना सांगून टाकू. इथं सायकलीच नाहीत."

मी तसा रिपोर्ट लिहिला. रंगीत गोल चित्र काढलं, त्यात सायकलीचा वाटा नुसता केसाएवढा. निघताना समोरच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाले सोपानराव तीन दिवस आमच्याकडं बघत होते.

"साहेब, काय मोजत हुता?"

"सायकली."

"आन् गावल्या का?"

"कुठं? इथं कुणी सायकल चालवतच नाही."

सोपानरावांनी पातेलं खाली ठेवलं. "आवो, दिवाळीची सुट्टी हाय! पोरं गेली मामाच्या गावाला. सायकली काय एकट्याच जात्यात व्हय शाळंला?"

आता खरं सांगतो. सुट्टी आहे हे मला माहीत होतं. किंबहुना म्हणूनच ते दिवस निवडले होते. गर्दी कमी, बसायला बरं! परत मोजायला हवं होतं. आम्ही मोजलं नाही. साहेब म्हणाले, "चारनं गुणा." मी चारनं गुणलं.

*

मग नागरिकांची सभा. अशा कामात लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, तसा नियम आहे. आम्ही नोटीस लावली. वार बुधवार, वेळ सकाळी अकरा. म्हणजे ज्यांना सायकल लागते ती सगळी माणसं शाळेत नाहीतर कामावर!

शंभर खुर्च्या, एक माइक आणि समोर एकटी बाई. मंगलताई. गावाबाहेरच्या वस्तीवर राहणाऱ्या, डाळिंबाच्या बागेत कामाला जाणाऱ्या. सभेसाठी त्यांनी त्या दिवशी खाडा केला होता.

साहेबांनी समोर एकच बाई असताना माइकवरून विचारलं, "आपली काही सूचना?"

मंगलताई उठून उभ्या राहिल्या. "माझी पोरगी अंकिता. नववीत हाय. सायकलवर या चौकातनं शाळंत जाती. तिचा बाप उसाचा ट्रॅक्टर चालवतो. त्यो म्हणतो, वरनं मला सायकल दिसतच न्हाय, तर दुसऱ्यांस्नी काय दिसणार? औंदा कसं तरी झालं. पर पुढल्या हंगामात पोरगीला चौकातनं धाडायचा न्हाय म्हणतो. शाळा बंद. ऊस सुरू व्हायच्या आत चौक नीट करता का? तिची दहावी हाय वो."

एवढंच बोलून त्या बसल्या. साहेब माइकवरून म्हणाले, "नोंद घेतली."

सभेचा वृत्तांत मी टाइप केला. आमच्याकडं त्याचा एक तयार फॉर्म असतो, फक्त तारीख आणि गाव बदलायचं. शेवटचं वाक्य छापीलच आहे : "उपस्थित नागरिकांनी समाधान व्यक्त केले."

मी ते तसंच ठेवलं. मंगलताईंचं म्हणणं कुठल्या रकान्यात घालायचं तेच कळेना, म्हणून घातलंच नाही. सुवर्णा मॅडमनी वाचलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. सहीही केली म्हणा.

*

हा छोटा आहे, पण आमच्या साहेबांचा खास!

ड्रॉइंग सुरू करायच्या आधी मॅडमनी विचारलं, "आपल्यात सायकल कोण चालवतं?"

नितीनला येतच नव्हती. मी कॉलेजनंतर हात लावला नव्हता. मॅडमची स्कूटी. सगळ्यांनी साहेबांकडं बघितलं.

साहेब छाती काढून म्हणाले, "मी! रोज अर्धा तास. एकही दिवस चुकवत नाही."

"कुठल्या रस्त्याला जाता सर?"

"रस्त्याला कशाला? गॅलरीत!"

व्यायामाची सायकल. चाक जमिनीला न टेकणारी. आम्ही तिघंही हसलो नाही, कारण पगारवाढीचे दिवस होते. आणि त्याच गॅलरीतल्या अनुभवावर साहेबांनी ठरवलं की सायकलींच्या वेगळ्या पट्ट्याला एवढीशी रुंदी पुष्कळ झाली.

*

पट्टा झाला. हिरवागार. त्यात मोटारसायकली घुसू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवायचे होते. दोन खांबांत अंतर किती ठेवायचं? नितीननं इंटरनेटवरून सायकलच्या हँडलचं माप काढलं, त्यात थोडी सूट धरली आणि खांब बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कौतुकानं बघायला गेलो. एक दूधवाले आबा सायकलवरून आले. मागं दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. आबा भलतेच खूश, "आपल्यासाठी रस्ता केलाय म्हनं!" आणि शिरले पट्ट्यात. पुढचं चाक गेलं, आबा गेले, किटल्या अडकल्या. पुढंही जाईना, मागंही येईना!

मी आणि सोपानराव सायकल ओढतोय, आबा किटल्यांची झाकणं धरून उभे. तेवढ्यात एक जण बुलेटवरून आला, हँडल जरासं तिरकं केलं आणि आमच्या शेजारच्या फटीतून आरामात निघून गेला. वर हॉर्न वाजवला.

आबांनी बुलेटकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "राव, बुलेट गेली आन् माझी सायकल अडकली. कुनासाठी केलंय ह्ये?"

मी म्हणालो, "आबा, तुमच्या किटल्या जरा जास्त रुंद आहेत."

असं मी म्हणालो. चाळीस वर्षं दूध घालणाऱ्या माणसाला. नंतर खांब काढले, पण ते वाक्य काही मला परत घेता आलं नाही. आबा आजही भेटले की राम राम करतात, आणि मीच दुसरीकडं बघतो.

*

आता कोपऱ्याचं. खरी मेख इथंच आहे.

वळणावर सायकलवाल्यांना थांबायला एक जागा केली होती. गाड्यांपासून वेगळी, दगडी कड बांधून उंच केलेली. पोरांनी तिथं थांबायचं, रस्ता मोकळा झाला की पलीकडं जायचं. कागदावर फार सुंदर दिसायचं!

कोपरा किती गोल ठेवायचा ते वळणाऱ्या गाडीवर ठरतं. नितीनच्या कॉम्प्युटरमध्ये तयार गाड्या असतात. ट्रक आहे, बस आहे, कंटेनर आहे, बाहेरच्या देशातली आगीची गाडीसुद्धा आहे. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर नाही!

नितीननं विचारलं, "कुठली गाडी धरू?"

मी म्हणालो, "धर त्यातल्या त्यात लांब." आम्ही दोघंही उसाच्या गावची माणसं, हे लक्षात घ्या. लहानपणी ट्रॉलीमागं पळून ऊस ओढलेली!

कड बसवत होते त्या दिवशी एक माणूस मोटारसायकल लावून बराच वेळ उभा होता. शेवटी जवळ आला. "साहेब, मी दत्तू. अंकिताचा बाप. आमची मंगल आली हुती तुमच्या सभंला."

"बोला."

"पुढची ट्रॉली वळती बगा. पर मागची ट्रॉली आत कापती. ती हितं, या दगडावर चढंल. आन् पोरी हितंच उभ्या ऱ्हानार न्हवं?"

ऊन मी मी म्हणत होतं, कंत्राटदाराची माणसं ऐकत होती, आणि एक ड्रायव्हर मला माझं काम शिकवत होता. मी म्हणालो, "तुम्ही ट्रॅक्टर चालवा. रस्त्याचं आम्ही बघतो."

माणसं हसली. दत्तूही जरासा हसला. म्हणाला, "व्हय व्हय, तुमी शिकल्याली मानसं," आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

लग्नात हा किस्सा सांगताना इथंच मी "आमच्यातला एक जण" म्हणायचो.

*

काम पूर्ण झालं, रिपोर्टला फोटो हवे. साहेबांना फोटोत सायकलवाले पाहिजेत आणि तेही आम्हीच पाहिजेत, टीम म्हणून. सायकली कुठून आणायच्या?

साडेदहाला शाळेच्या पोरी आल्या. त्यात अंकिताही होती. दोन वेण्या, दप्तर पुढच्या बास्केटमध्ये. दहावीत गेली होती. मी म्हणालो, "पोरींनो, दोन मिनिटं सायकली देता का?" दिल्या बिचाऱ्यांनी.

दोन मिनिटं कसली! साहेबांचा पाय पुरेना. नितीनला तर बसताच येत नव्हतं, त्याला मागून धरून ठेवलं. साहेब म्हणाले, "हसरा फोटो घ्या." मग गॉगल घालून. मग ढग आला, तो जाईपर्यंत थांबलो. पोरी उन्हात ओळीनं उभ्या.

दुसऱ्या दिवशी अंकिता चौकात भेटली. मी विचारलं, "काल वेळेत पोचलात ना गं?"

"न्हाय सर. प्रार्थना बुडाली. मग बाईंनी पयला तास भायेर उभं केलं." रागानं नाही, जसं झालं तसं सांगत होती. मग एकदम हसून म्हणाली, "फोटू चांगला आला का?"

चांगला आला होता. मागं त्या पोरी ओळीनं उभ्या दिसत होत्या. नितीननं रिपोर्टला लावताना त्यांना कापून काढलं, गर्दी दिसते म्हणून. मीच सांगितलं होतं कापायला.

*

आणि हा शेवटचा. हा मी अजून कुठं सांगितलेला नाही.

साखर कारखाने सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात सोपानरावांचा फोन. "साहेब, जसा आसाल तसा या!"

मी आणि मॅडम गाडी काढून इंदापूरला पोचलो. एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली कडेवर चढली होती. अगदी दत्तूनं बोट ठेवलं होतं त्याच दगडावर. पोरी तिथंच उभ्या होत्या, आम्ही सांगितलेल्या जागी. अंकितानं सायकल टाकून मागं उडी मारली म्हणून वाचली. सायकलचं पुढचं चाक ट्रॉलीखाली गेलं. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. मी त्या कडेवर बसूनच राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून अंकिता शाळेत जायची बंद झाली.

चार दिवसांनी मी आणि मॅडम वस्तीवर गेलो. दत्तू नुकताच खेप टाकून आला होता. वाटलं, आता हा आपल्याला उभा जाळणार. बरं झालं असतं. त्यानं खाट टाकली, बसायला सांगितलं. सायकल भिंतीला लावलेली, चाक नवं बसवलेलं. अंकिता उंबऱ्याशी पुस्तक घेऊन.

मी म्हणालो, "दत्तूभाऊ, चूक आमची आहे. कोपरा तोडून मोठा करतोय. पोरीला शाळेत पाठवा."

"किती दिवसांत हुईल?"

"नवं ड्रॉइंग, मंजुरी, मग काम... दोन महिने धरा."

दत्तू म्हणाला, "साहेब, तुमची चूक न्हाय. त्या दिशी मीच तुमाला नीट समजावून सांगायला पायजे हुतं."

तोंडात मारली असती तरी चाललं असतं हो! मला वर बघवेना.

मंगलताईंनी चहा आणला. दत्तूनं कप हातात धरला आणि सहज, अगदी सहज विचारलं, "तुमाला पोरंबाळं काय?"

"एक मुलगी. दहावीलाच आहे."

"आँ? मग शाळंत कशी जाती?"

माझी पोरगी बारामतीत सकाळी सातच्या शाळेला जाते. मी सोडतो. कारनं, गेटपर्यंत. सायकल तिला आम्ही कधी घेऊनच दिली नाही, रस्त्यांचा भरवसा नाही म्हणून! रस्ते मीच करतो.

मी म्हणालो, "सायकलवर."

मॅडमचा कप तोंडापाशीच थांबला.

 मंगलताई एकदम पुढं झाल्या. "आवो, ऐकलं का? साहेब रस्ते करनारा मानूस, त्यांस्नी सगळं ठावं, तरी सवताच्या पोरीला सायकलवर धाडत्यात. मग आपूनच का भ्यायचं?"

दत्तूनं कप खाली ठेवला. मग उंबऱ्याकडं बघून म्हणाला, "उद्यापासनं जा गं."

अंकिता पुस्तक टाकून आत पळाली, दप्तर भरायला. खोटं बोललो असं सांगायची ती शेवटची संधी होती. मी चहा पिऊन टाकला आणि उठलो.

परतीच्या वाटेवर निमगाव केतकी आलं. मॅडम म्हणाल्या, "तिची शाळा किती वाजता भरते?"

"अकराला."

"मग साडेदहाला चौकात असा तुम्ही. रोज. साहेबांना काय सांगायचं ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पोरीला सातला गेटवर सोडलं आणि तशीच गाडी इंदापूरला घेतली. साडेदहाला चौकाच्या मधोमध लाल कापड घेऊन उभा राहिलो. ट्रॅक्टरवाले वरून ओरडत होते, "साहेब, प्रमोशन झालं का?" मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पोरी गेल्या. संध्याकाळी शाळा सुटायची वेळ सोपानरावांनी आपणहून घेतली. रविवार सोडून रोज हेच. दत्तूचा ट्रॅक्टर असला की तो लांबूनच थांबवायचा आणि मला रामराम घालायचा. त्या रामरामानं माझा सगळा दिवस खराब व्हायचा.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. एका सकाळी बाकीच्या पोरी पलीकडं गेल्या आणि अंकिता मागं राहिली. माझ्याजवळ आली, एक पाय जमिनीवर टेकला. दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर थांबलेले.

"सर, एक इचारू?"

"विचार की."

"तुमच्या पोरीच्या चौकात कोन उभं ऱ्हातं वो?"